गोव्याचा अर्थसंकल्प पहिल्यांदा वाचणाऱ्यासाठी

अर्थसंकल्प मांडल्याच्या दुसऱ्या दिवशी डिचोलीच्या बाजारात भाजी-पाव खायला बसलो होतो. शेजारच्या गावात पहिल्यांदाच पंच, म्हणजे पंचायत सदस्य, म्हणून निवडून आलेली माझी एक जुनी विद्यार्थिनी वर्तमानपत्र घेऊन आली आणि समोर बसली. "सर, पहिल्या पानावर छापलंय की अर्थसंकल्प शिलकीचा. आणि आमच्या वाड्यावरच्या रस्त्याचं विचारायला गेले तर म्हणतात पैसे नाहीत. यातलं खोटं कोण बोलतंय?"

"कोणीच नाही, बाय," मी म्हटलं. हे 'कोणीच नाही' समजावून सांगता सांगता पाव संपले, दोन चहा झाले, तरी अर्धं राहिलंच. तिला त्या दिवशी सांगितलं ते आणि राहिलं ते, दोन्ही इथे लिहितो. मी अर्थतज्ज्ञ नाही. अकरावी-बारावीला वाणिज्य शिकवून निवृत्त झालो आणि दर वर्षी हे कागद वाचायची खोड आहे, एवढंच. ज्याला घरचा जमाखर्च लिहिता येतो त्याला हे येतं. फक्त कुठून सुरुवात करायची ते माहीत हवं.

भाषण बाजूला ठेवा

गोव्यात अर्थखातं बहुधा मुख्यमंत्र्यांकडेच असतं, त्यामुळे पर्वरीला विधानसभेत भाषणही तेच करतात. ते भाषण शेवटी वाचा. त्यात नव्या योजनांची नावं असतात, कवितेच्या दोन ओळी असतात, पण चालू असलेल्या गोष्टींना किती पैसे लागतात हे फारसं नसतं. आणि नव्वद टक्के मजा चालू गोष्टींतच आहे.

अर्थखात्याच्या संकेतस्थळावर सगळे कागद फुकट मिळतात. त्यातले तीन उतरवून घ्या. एक, अर्थसंकल्प दृष्टिक्षेपात दाखवणारी छोटी पुस्तिका. दोन, वार्षिक वित्तीय विवरणपत्र. राज्यघटनेच्या २०२ व्या कलमानुसार सरकारला सभागृहापुढे जे ठेवावंच लागतं ते हे. तीन, अनुदान मागण्यांचे जाडजूड खंड. त्यातलं तुम्हाला हवं तेवढं एकच खातं पुरे. सगळं इंग्रजीत असतं आणि ही तक्रार रास्त आहे. पण तेच ते शब्द पुन्हा पुन्हा येतात, दोन बैठकींत सरावाचे होतात.

कागद उघडला की आधी वरचा कोपरा बघा. आकडे लाखांत आहेत, हजारांत की कोटींत, ते तिथे लिहिलेलं असतं. मी एकदा वर्गात लाखांतला आकडा कोटींत वाचून एका पशुवैद्यकीय योजनेला शंभरपट पैसे मिळवून दिले होते. मुलांच्या लक्षात आलं नाही. रात्री जेवताना माझ्याच लक्षात आलं आणि घास अडकला.

मग रकाने. प्रत्येक ओळीपुढे साधारणपणे दोन वर्षांपूर्वी प्रत्यक्षात झालेला खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि येत्या वर्षाचा अंदाज असतो. नवखा माणूस शेवटच्या रकान्याकडे धावतो, कारण वर्तमानपत्रात तोच छापतात. तुम्ही पहिल्यापासून सुरुवात करा. येत्या वर्षाचा अंदाज ही इच्छा झाली. दोन वर्षांपूर्वीचा आकडा घडून गेलेला आहे. एखाद्या ओळीत घडलेलं चाळीस आणि इच्छा शंभर असेल, तर खुणेची पेन्सिल तिथे चालवायची.

चार आकडी क्रमांक

प्रत्येक जमा-खर्चाला चार आकडी क्रमांक असतो, लेखाशीर्षाचा. हे क्रमांक देशभर सगळ्या राज्यांना सारखे आहेत, आणि पहिल्या अंकावरूनच पैशाची जात कळते. ० किंवा १ ने सुरू होणारा क्रमांक म्हणजे महसुली जमा. २ किंवा ३ म्हणजे महसुली खर्च: पगार, औषधं, वीजबिल, अनुदान, म्हणजे वर्ष संपलं की संपून जाणारा. ४ किंवा ५ म्हणजे भांडवली खर्च, ज्यातून काहीतरी उभं राहतं. ६ आणि ७ कर्जाचे, ८ लोकलेख्याचा, म्हणजे भविष्यनिर्वाह निधीसारखे सरकारकडे नुसते ठेवायला दिलेले पैसे.

उदाहरण घ्या. २२१० म्हणजे वैद्यकीय आणि सार्वजनिक आरोग्य, महसुली. ४२१० म्हणजे त्याच आरोग्याचा भांडवली खर्च. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, नवी इमारत झाली तर ती ४२१० मध्ये, आणि त्या इमारतीत रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेचा पगार २२१० मध्ये. ४२१० मध्ये इमारत आली आणि पुढच्या दोन वर्षांत २२१० वाढला नाही, तर समजा की फीत कापून झाली आणि आत माणसं नाहीत. असं शोधायला कुणाची ओळख लागत नाही, दोन क्रमांक पुरतात.

आणखी थोडे पाठ करून टाका: २२०२ सामान्य शिक्षण, २०७१ निवृत्तिवेतन, २०४९ व्याज, २२१५ पाणीपुरवठा, २२३५ सामाजिक सुरक्षा, ५०५४ रस्ते आणि पूल. जमेच्या बाजूला ०००६ राज्याचा वस्तू व सेवा कर, ००३० मुद्रांक शुल्क आणि नोंदणी, ००३९ अबकारी, ००४० विक्रीकर म्हणजे आता मुख्यतः पेट्रोल-डिझेलवरचा मूल्यवर्धित कर, ००४१ वाहनकर, ०८५३ खाणी.

आणि ८०० हा तीन आकडी क्रमांक दिसला की थांबा. तो 'इतर'. कॅगचे, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांचे, अधिकारी वेगवेगळ्या राज्यांना वर्षानुवर्षं सांगत आलेत की एवढं सगळं 'इतर' मध्ये घालू नका. आमच्या घरच्या वहीतही 'इतर' लिहिलेलं असलं की मी सौंना विचारतो, आणि तिने विचारलं की मी विषय बदलतो.

शिल्लक आहे आणि पैसे नाहीत, हे एकाच वेळी खरं कसं

आता त्या पंचबाईचा प्रश्न. २०२५-२६ चा गोव्याचा अर्थसंकल्प २८ हजार कोटींच्या वर गेला. तो मार्च २०२५ मध्ये मांडला तेव्हा महसुली शिल्लक दाखवली होती. महसुली शिल्लक म्हणजे ० आणि १ ने सुरू होणारी सगळी जमा, वजा २ आणि ३ ने सुरू होणारा सगळा खर्च. घरात पगार येतो, त्यातून किराणा, शाळेची फी, औषधं, जुन्या कर्जाचं व्याज गेलं आणि वर थोडं उरलं. हे उरलेलं म्हणजे महसुली शिल्लक. वाईट नाही. कितीतरी मोठ्या राज्यांना एवढंही साधत नाही.

पण घराचं छप्पर बदलायचंय. उरलेल्यातून भागत नाही, म्हणून सोसायटीतून कर्ज काढलं. राज्यालाही पूल, रस्ते, इमारतींसाठी शिल्लक पुरत नाही, मग जी उसनवारी करावी लागते तिला राजकोषीय तूट म्हणतात. तेव्हा एकाच अर्थसंकल्पात महसुली शिल्लक आणि राजकोषीय तूट दोन्ही असू शकतात, आणि सरकार पहिली सांगतं तर विरोधक दुसरी. दोघंही खरं बोलतात. या तुटीला सकल राज्य उत्पन्नाच्या साधारण ३ टक्क्यांचा लगाम असतो. गोव्याने वित्तीय उत्तरदायित्वाचा कायदा २००६ मध्ये केला. कर्ज बरंचसं रिझर्व्ह बँकेमार्फत कर्जरोखे विकून उभं राहतं. 'सरकारने पुन्हा शंभर कोटींचे रोखे काढले' ही बातमी तुम्ही वाचली असेलच.

त्या बातमीने घाबरू नका आणि निर्धास्तही राहू नका. मांडवीवरचा अटल सेतू २०१९ च्या जानेवारीत खुला झाला. त्यावरून माझी नातवंडंही जातील, त्यांनी हप्त्याचा थोडा भार उचलला तर अन्याय नाही. २०२०-२१ पासून केंद्र राज्यांना भांडवली कामांसाठी ५० वर्षांचं बिनव्याजी कर्जही देतं. असलं कर्ज सोडणारा अर्थमंत्री विरळा. पण दर महिन्याच्या खर्चासाठी काढलेलं कर्ज वेगळं. तुम्ही एवढंच बघा की नव्या कर्जाच्या तुलनेत ४ आणि ५ ने सुरू होणारा खर्च किती. खर्च कमी आणि कर्ज जास्त असेल तर कुठेतरी छपराच्या नावावर किराणा आणलाय.

एकूण आकाराच्या आकड्यालाही फार मान देऊ नका. त्यात जुन्या कर्जाची परतफेड मोजलेली असते. शिवाय गोव्याची एक खास गंमत आहे. महाराष्ट्रात वीज विकण्याचं काम कंपन्या करतात, त्यांचा जमाखर्च त्यांच्याकडे. गोव्यात वीज खातं हे सरकारचंच खातं. बाहेरून घेतलेल्या विजेचं बिल २८०१ मध्ये खर्च म्हणून आणि तुम्ही-आम्ही भरलेलं वीजबिल ०८०१ मध्ये करेतर महसूल म्हणून पडतं. हजारो कोटी एका खिशातून येतात आणि दुसऱ्यातून जातात, आणि अर्थसंकल्प फुगलेला दिसतो. म्हणून गोव्याची तुलना शेजारच्या राज्याशी करायची तर आधी दोन्ही बाजूंनी वीज वगळा. मगच दरडोई खर्चाच्या गप्पा. बाहेरचे भलेभले अभ्यासकही इथे चुकतात, आणि त्यांना चुकताना बघून मला जो आनंद होतो तो लपवत नाही.

कुठला नळ आपल्या हातात आहे

कर वाढवा किंवा सेवा कापा, असा वाद घालण्याआधी कुठला कर वाढवण्याचा अधिकार पर्वरीला आहे ते बघा. जमेच्या ओळींपुढे पेन्सिलीने तीन खुणा करा: दिल्लीच्या हातात, सगळ्यांच्या मिळून हातात, आपल्या हातात.

दिल्लीच्या हातातला म्हणजे केंद्रीय करांतला वाटा. २०२१ ते २०२६ या काळासाठी पंधराव्या वित्त आयोगाने वाटपयोग्य करांचे ४१ टक्के राज्यांना दिले आणि त्यात गोव्याचा हिस्सा ०.३८६ टक्के ठरवला. म्हणजे त्या काळात वाटपयोग्य करांच्या प्रत्येक १०० रुपयांतले जवळपास १६ पैसे आपले. राज्य छोटं आणि दरडोई उत्पन्न मोठं, म्हणून वाटा लहान.

सगळ्यांच्या मिळून हातातला म्हणजे वस्तू व सेवा कर. १ जुलै २०१७ पासून त्याचे दर जीएसटी परिषदेत ठरतात, गोवा एकटा ते हलवू शकत नाही. पण हा कर जिथे उपभोग होतो त्या राज्याला मिळतो. दिल्लीचं कुटुंब कळंगुटला हॉटेलात उतरलं तर त्यातला राज्याचा भाग गोव्याचा, मग त्या हॉटेलच्या कंपनीचं मुख्य कार्यालय मुंबईला का असेना. पर्यटनाचं राज्य म्हणून हे आपल्या पथ्यावर पडलं.

आपल्या हातात उरतात त्या पेट्रोल-डिझेल, दारू, मुद्रांक, वाहनं, कॅसिनोंची परवाना फी आणि पाण्याचे दर. विजेचे दर गोवा आणि केंद्रशासित प्रदेशांचा संयुक्त वीज नियामक आयोग ठरवतो. सरकार त्यावर आपल्या पैशाने सवलत देऊ शकतं. घरपट्टी पंचायतीची, तिचा इथे संबंध नाही.

प्रत्येक नळापाशी स्वतःला एकच विचारा: दर वाढवला तर ही वस्तू पळून जाईल का? गोवा हे अरुंद राज्य. पेडण्यातून पत्रादेवीला पोचलं की पलीकडे बांदा. पेट्रोल इकडे स्वस्त असलं की सिंधुदुर्गातल्या गाड्या इकडे टाकी भरतात; फरक बुजला की भरत नाहीत, आणि मग दर वाढवूनही गल्ला तेवढा वाढत नाही. दारूचं तेच. स्वस्त दारू ही इथल्या पर्यटनाची अर्धी जाहिरात आहे आणि सीमेपलीकडच्या तपासणी नाक्यांची रोजची डोकेदुखी. आपल्या अबकारी जमेत दुसऱ्यांच्या राज्यात प्यायल्या जाणाऱ्या बाटल्याही आहेत, हे मान्य करायला आपण गोवेकर जरा लाजतो.

जमीन मात्र पळत नाही. म्हणून मुद्रांक शुल्क हा अर्थखात्याचा लाडका. पण त्यात एक खोट आहे: तोच प्लॉट दर वर्षी विकला जात नाही. डोंगर कापून झाले, भातशेती वळवून झाली की पुढे विकायला काय? माझं मत विचाराल तर हा कर नाही, ही घरातली भांडी मोडीत काढणं आहे. वहीत मात्र जमा म्हणूनच दिसतं.

कॅसिनोची गोष्ट आणखी मोहाची. गोमंतकीयांना आत जुगार खेळायला २०२० पासून बंदी, म्हणजे हा कर भरणारा एकही मतदार नाही. तिथला वस्तू व सेवा कर १ ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के पूर्ण दर्शनी रकमेवर, म्हणजे चिप्स घेताना मोजलेल्या सगळ्या पैशांवर, लागू झाला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. दोन्ही निर्णय परिषदेचे. दर चढला की जमा चढतेच असं नाही. वर्षभराने प्रत्यक्ष रकाना बघायचा आणि मग बोलायचं.

वर्ष सुरू होण्याआधीच खर्च झालेले पैसे

खर्चाच्या बाजूला एक वजाबाकी करा. एकूण महसुली खर्च घ्या. त्यातून पगार वजा करा, निवृत्तिवेतन वजा करा, व्याज वजा करा, वीजखरेदी वजा करा, अनुदानित शाळांना पगारासाठी जाणारं अनुदान वजा करा. मग दर महिन्याच्या योजना: गृहिणींसाठी गृहआधार, वृद्ध-निराधारांसाठी दयानंद सामाजिक सुरक्षा. वजाबाकी संपते तेव्हा हातात जे उरतं त्यावरच सभागृहातली सगळी हमरीतुमरी चाललेली असते. व्याजावर तर मतदानही होत नाही. तो 'भारित' खर्च, चर्चा करा पण कापता येत नाही.

ही वजाबाकी मी वर्गात मुलांकडून करून घ्यायचो. दर वर्षी कुणीतरी उठून म्हणायचं, "सर, मग नवीन सरकार येऊन फरक काय पडतो?" प्रश्न चांगला आहे. फरक पडतो, पण हळूहळू: आज केलेली नोकरभरती तीस वर्षं पगारात आणि पुढे निवृत्तिवेतनात दिसते. २०२१ मध्ये महिन्याला १६ हजार लिटरपर्यंत पाणी मोफत जाहीर झालं, तेव्हा एका ओळीची जमा आटली आणि दुसऱ्या ओळीवर, म्हणजे पाणी शुद्ध करून चढवण्याच्या विजेवर, काहीच परिणाम झाला नाही.

जोड्या लावा

हे सगळं ज्यासाठी केलं ते आता. एका कागदाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे जमेच्या ओळी लिहा आणि प्रत्येकीपुढे 'टिकाऊ' किंवा 'डळमळीत' असं लिहा. उजवीकडे खर्चाच्या ओळी, पुढे 'कायमचा' किंवा 'एकदाचा'. मग तपासा: कायमचा खर्च डळमळीत पैशावर तर उभा नाही ना? मला विचाराल तर गोव्याच्या अर्थसंकल्पात कर जास्त की सेवा कमी यापेक्षा हा प्रश्न मोठा आहे. तूट-शिल्लक जुळवणं ही बेरीज-वजाबाकी झाली. जोडी चुकली तर ती बेरीज एका कोर्टाच्या निकालाने कोसळते.

कोसळली होती, आठवा. २०१२ च्या मार्चमध्ये मनोहर पर्रीकरांचं सरकार आलं. पेट्रोलवरचा मूल्यवर्धित कर ०.१ टक्क्यावर आणला आणि लिटरमागे ११ रुपयांच्या आसपास भाव उतरला. पंपावर लोक पेढे वाटायचे बाकी होते. त्याच वर्षी गृहआधार आणि मुलींच्या लग्नासाठीची लाडली लक्ष्मी या योजना आल्या. म्हणजे एक नळ जवळजवळ बंद केला आणि दोन नवे कायमचे खर्च मांडले. हे चुकीचंच होतं असं मी म्हणत नाही. आमच्या शेजारणीला गृहआधाराच्या पैशांनी स्वतःच्या नावाचं पासबुक पहिल्यांदा मिळालं, त्याची किंमत मला ठाऊक आहे. पण सप्टेंबरात, बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या अहवालानंतर, राज्याने खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. एका वर्षात तिन्ही. पुढची वर्षं सरकारने पेट्रोलचा कर थोडा थोडा करून परत वर नेला, दुसरं करणार तरी काय होतं?

मग खाणी पुन्हा सुरू झाल्या, आणि ७ फेब्रुवारी २०१८ ला न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं. १६ मार्चपासून काम बंद. डिचोलीत राहणाऱ्याला हे आकड्यांत वाचावं लागत नाही. ट्रक अंगणात उभे राहिले, टायरवाले, गॅरेजवाले, सांखळीच्या रस्त्यावरचे खानावळवाले, सगळ्यांचं एकदम थांबलं. ०८५३ ची जमा आटली तीही, आणि त्या लोकांच्या खरेदीतून येणारा कर आटला तोही. २०२० मध्ये कोविडने पर्यटनाचं तेच केलं.

खाणीच्या पैशाबद्दल न्यायालयानेच २०१४ मध्ये एक शहाणपणाची सोय सांगून ठेवली: विक्रीच्या किमतीतले १० टक्के गोवा लोहखनिज स्थायी निधीत. जमिनीतून काढलेला दगड परत उगवत नाही, तर त्याच्या पैशाचा काही भाग मुद्दल म्हणून राहावा. आता खाणपट्ट्यांचे लिलाव होऊन जमा पुन्हा येऊ लागली आहे. ती 'टिकाऊ' खाली लिहायची की 'डळमळीत' खाली, हे तुमच्या गावातल्या ट्रकमालकाला विचारा.

एक डळमळीत ओळ अशी होती की तिची शेवटची तारीख आधीच ठाऊक होती. जीएसटी आल्यावर राज्यांना दर वर्षी १४ टक्के वाढ धरून भरपाई मिळायची, ती फक्त पाच वर्षं. जून २०२२ ला संपली. अशा पैशावर पगारवाढ बांधणं म्हणजे पाहुण्याच्या भरवशावर दुधाचा रतीब वाढवणं.

एक सेवा, एक कर

आता स्वतः समतोल साधून बघा. सगळा अर्थसंकल्प नको, एक खर्च आणि एक कर घ्या.

समजा महिन्याला १,५०० रुपयांची एखादी योजना आहे आणि तिच्या एक लाख लाभार्थी आहेत. वर्षाला १८० कोटी. ती ५०० रुपयांनी वाढवायची तर आणखी ६० कोटी, दर वर्षी. पेट्रोलवर लिटरमागे एक रुपया वाढवला तर एक कोटी लिटरमागे एक कोटी मिळतात. म्हणजे ६० कोटींसाठी राज्यात ६० कोटी लिटर खपावं लागेल, किंवा २० कोटी लिटर खपत असेल तर तीन रुपये वाढवावे लागतील. खरी लाभार्थिसंख्या आणि खरा खप विधानसभेतल्या प्रश्नोत्तरांत मिळतो. ते आकडे घालून पुन्हा करा. आणि मग विचारा की ती लाभार्थी बाई आणि स्कूटरवर कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणारा तिचा मुलगा एकाच घरात राहतात का. बऱ्याचदा राहतात.

दुसरा सराव जरा अवघड, पण आपल्याकडचा आहे. जानेवारी २०१८ पासून गोमेकॉत बिगरगोमंतकीय रुग्णांना शुल्क लावलं. बाजू साधी वाटते: गोव्याचा करदाता पैसे भरतो, खाटा भरतात सिंधुदुर्ग आणि कारवारच्या रुग्णांनी. माझी सासुरवाडी बांद्याची, त्यामुळे घरात यावर कडाक्याचं भांडण झालं. मेव्हण्याचं म्हणणं असं की दोडामार्ग-बांद्याची शेकडो पोरं इथल्या कारखान्यांत राबतात, चतुर्थीचा बाजार म्हापशाला करतात, पेट्रोल इथे भरतात. त्यांचा कर घेताना तुम्ही आधार कार्ड बघत नाही, खाट देताना मात्र बघता. मी खर्चाची बाजू मांडली. आता तुम्ही करा: २२१० मधला गोमेकॉचा खर्च, शुल्कातून आलेली जमा (०२१० खाली), आणि बाहेरच्या रुग्णांचं प्रमाण. शुल्काची जमा खर्चाच्या मानाने किती, ते एकदा डोळ्यांनी पाहिलं की भांडणाचा सूर बदलतो. आमचा बदलला. मिटलं मात्र नाही.

वर्षभर मागावर

मार्चमध्ये अर्थसंकल्प मांडला म्हणजे तो संमत झाला असं नाही. गोव्यात पुष्कळदा मार्चमध्ये काही महिन्यांपुरतं लेखानुदान, म्हणजे खर्चाची तात्पुरती परवानगी, घेतात आणि खातेनिहाय मागण्यांवरची चर्चा पावसाळी अधिवेशनात, जुलै-ऑगस्टमध्ये होते. तुमच्या आमदाराला भेटायचं तर त्याआधी, तुमच्या खात्याची मागणी कुठल्या दिवशी आहे ते बघून. कपात सूचना, म्हणजे मागणीतली रक्कम कमी करा असा प्रस्ताव, विरोधी आमदारच मांडतात. सत्ताधारी आमदाराकडून प्रश्न विचारून घेता येतो. मधे पुरवणी मागण्या, म्हणजे वर्ष चालू असताना मागितलेले जादा पैसे, येतात, त्या वर्तमानपत्रात आतल्या पानावर असतात. कुणाला नेमके किती वाढवून मिळाले ते तिथे कळतं. शेवटी कॅगचा राज्य वित्तावरचा अहवाल. तो दोनेक वर्षं मागून चालतो आणि त्यात न वापरलेल्या रकमांची यादी असते. ती यादी आणि तुमच्या पेन्सिलीच्या खुणा जुळल्या तर स्वतःची पाठ थोपटून घ्या.

खुणा बहुतेक भांडवली बाजूला सापडतील. जमा कमी पडली की पगार थांबवता येत नाही, व्याज थांबवता येत नाही, योजना थांबवली तर महिला मोर्चा आणतात. थांबतो तो रस्ता, कारण रस्ता मोर्चा आणत नाही.

आता त्या पंचबाईच्या रस्त्याचं. एकेका वाड्याचा रस्ता अर्थसंकल्पात नावाने नसतो. ५०५४ खाली एकत्रित रक्कम असते आणि कामांची यादी खात्यात. आम्ही दोघांनी बसून ती ओळ शोधली. सुधारित अंदाजात ती मूळ अंदाजापेक्षा बरीच खाली आली होती. मग तिने माहिती अधिकारात त्या ओळीखालच्या कामांची यादी मागितली, साध्या कागदावर, तीन ओळींचा अर्ज. उत्तर आलं: तिच्या रस्त्याला प्रशासकीय मान्यता मिळालेली आहे, निविदा निघालेली नाही. पैसे नाहीत असं सांगणारा माणूस खोटं बोलत नव्हता, आणि वर्तमानपत्रही नव्हतं.

पुढच्या वर्षाचे अंदाज खाती साधारण चतुर्थीनंतर मांडायला घेतात. तिने कॅलेंडरवर गणपती विसर्जनानंतरच्या सोमवारी खूण करून ठेवली आहे.